आवाज तुटतो, टिकटिकतो, सरकतो : एडिटिंगमधल्या कॉम्प्रेस्ड ऑडिओबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचा व्हिडिओ, कानबाईची गाणी, अहिराणी कॉमेडीचा एपिसोड, सप्ताहातलं कीर्तन. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या एडिटिंगच्या टेबलावर येणारा ऑडिओ बहुतेक वेळा एमपीथ्री, एएसी नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असतो, म्हणजे कॉम्प्रेस्ड, जागा वाचवण्यासाठी दाबलेला. खालचे प्रश्न त्याच फाइलींबद्दलचे आहेत. मायक्रोफोन कुठला घ्यावा, मिक्सर कसा लावावा हा वेगळा विषय. तो इथे जरुरीपुरताच आला आहे.

फाइल मोबाइलवर मस्त वाजते. टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या कामाच्या पट्टीवर, टाकली की टिकटिक येते. दोष फाइलचा की सॉफ्टवेअरचा?

आधी एकच गोष्ट तपासा: टिकटिक दर वेळी त्याच जागी येते का? टाइमलाइनवर ती जागा तीन वेळा वाजवा. पहिल्यांदा पाच सेकंद मागून, दुसऱ्यांदा तीस सेकंद मागून आणि तिसऱ्यांदा थेट त्या जागेवर प्लेहेड (वाजण्याची जागा दाखवणारी रेघ) ठेवून.

तिन्ही वेळा तिथेच आली, तर दोष फाइलमध्ये किंवा फाइल वाचण्याच्या पद्धतीत आहे. दर वेळी जागा बदलली, तर फाइल निर्दोष आहे आणि कॉम्प्युटरला वेळेवर आवाज पुरवता येत नाही. त्याचं उत्तर पुढे उन्हाच्या प्रश्नात आहे. थेट त्या जागेवरून सुरू केल्यावर येते, पण लांबून वाजवत आल्यावर येत नाही, असं असेल तर तो कॉम्प्रेस्ड फाइलचा ठरलेला आजार समजा.

आता तेवढाच वीस सेकंदांचा तुकडा वाव (न दाबलेल्या आवाजाची फाइल) म्हणून एक्स्पोर्ट करा आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये ऐका. एक्स्पोर्टमध्ये आवाज स्वच्छ निघाला, तर काम अडत नाही. फक्त ऐकण्यातली अडचण उरते. एक्स्पोर्टमध्येही टिकटिक असेल, तर मूळ फाइल व्हीएलसीमध्ये उघडून तीच वेळ गाठा. एवढ्या तपासाला पाच मिनिटंही लागत नाहीत. तो टाळून सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करण्यात मात्र लोक अख्खी रात्र घालवतात.

पण प्लेअरमध्ये चालतं ते एडिटिंगमध्ये का चालत नाही?

प्लेअर फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाचत जातो. टाइमलाइनवर तसं होत नाही. तिथे तुम्ही कधी मधूनच सुरू करता, कधी मागे येता, कधी तुकडे करून पुढचा भाग मागे नेता. कॉम्प्रेस्ड फाइल अशा उड्या मारण्यासाठी बनलेलीच नसते.

एमपीथ्रीमध्ये आवाज फ्रेमच्या गठ्ठ्यांत बांधलेला असतो. एका फ्रेममध्ये १,१५२ सँपल (आवाजाची मोजमापं), म्हणजे सेकंदाला ४४,१०० सँपलच्या दराने सुमारे २६ मिलिसेकंद. एएसीची फ्रेम १,०२४ सँपलची, ४८,००० च्या दराने सुमारे २१ मिलिसेकंद. प्रत्येक गठ्ठा शेजारच्या गठ्ठ्यावर थोडा चढलेला असतो, त्यामुळे एकटा सोडवला तर त्याचा आवाज अर्धवट निघतो. एमपीथ्रीची आणखी एक खोड आहे. सोप्या फ्रेममध्ये उरलेली जागा पुढची अवघड फ्रेम उसनी घेते. त्या फ्रेमचा डेटा ५११ बाइटपर्यंत मागे, आधीच्या फ्रेममध्ये ठेवलेला असू शकतो. मधूनच उडी मारली की हा उसना डेटा हाती नसतो, आणि पहिली एक-दोन फ्रेम गप्प राहते किंवा 'चिक्' करते.

त्यात बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) बदलता असेल, म्हणजे व्हीबीआर, तर तिसऱ्या मिनिटाचा आवाज फाइलमध्ये नेमका कुठे आहे हे फक्त हिशेबाने काढता येत नाही. त्यासाठी सुरुवातीला एक छोटी अनुक्रमणिका असते. मोबाइलवरच्या कटर अ‍ॅपने गाणं कापलं असेल तर ती अनेकदा चुकीची किंवा गायब असते. मग सॉफ्टवेअर अंदाजाने उडी मारतं. गाण्याची लांबी ४ मिनिटं १० सेकंदांऐवजी ६ मिनिटं दिसणं, शेवटचं कडवंच नाहीसं होणं, एडिट केलेली जागा दुसऱ्या दिवशी सरकलेली सापडणं, हे सगळे याचेच प्रकार.

मग करायचं काय?

टाइमलाइनवर ठेवण्याआधी फाइल वाव करून घ्यायची. दर ४८,००० हर्ट्झ, १६ किंवा २४ बिट. नंतर नाही, आधीच. अर्धं एडिटिंग झाल्यावर फाइल बदलली, तर प्रत्येक कट थोडा थोडा सरकू शकतो.

ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये असं करा. फाइल उघडा आणि एकदा पूर्ण ऐका. निदान लाट जिथे अचानक सपाट किंवा टोकदार दिसते त्या जागा तरी ऐका. आवाज माथ्याला टेकलेला असेल तर अ‍ॅम्प्लिफाय वापरून ३ डेसिबल खाली घ्या. मग फाइल मेनूमधून ऑडिओ एक्स्पोर्ट निवडा, फॉरमॅट वाव, सँपल रेट ४८,०००, एन्कोडिंग २४ बिट पीसीएम. ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्तीत सँपल रेट एक्स्पोर्टच्या खिडकीत मिळत नाही. तो मुख्य खिडकीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात प्रोजेक्ट रेट म्हणून आधी बदलावा लागतो. विंडोजवर एमफोरए (एएसी आवाजाची) फाइल उघडत नसेल तर एफएफएमपेग लायब्ररी वेगळी बसवावी लागते.

पंचवीस-तीस फाइली एकदम असतील तर शटर एन्कोडर हे रूपांतराचं सॉफ्टवेअर सोयीचं आहे. फाइली ओढून टाका, वाव निवडा, ४८ किलोहर्ट्झ ठरवा आणि सुरू करा. मूळ फाइलीशेजारी वाव तयार होतात.

जागेचा हिशेब असा: ४८,००० दर, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण साडेअकरा एमबी, तासाला सुमारे ६९० एमबी. २४ बिटला तासाला जेमतेम एक जीबीहून थोडं जास्त. लग्नाच्या एका एच.२६४ (दाबलेल्या) व्हिडिओसमोर हे काहीच नाही.

वाव केल्याने क्वालिटी सुधारते का?

नाही. एमपीथ्री बनताना जे गेलं ते गेलं. वाव केल्याने आणखी बिघडत नाही आणि टाइमलाइनवर उड्या मारता येतात, एवढाच फायदा. पण तो मोठा आहे.

१२८ किलोबिटच्या गाण्याचा ३२० चा एमपीथ्री करून घेतला तर?

दुसऱ्यांदा कॉम्प्रेस झाला, म्हणजे आणखी थोडा बिघडला, आणि फाइल उगाच अडीचपट झाली. असं करू नका.

फाइलचं नाव एमपीथ्री आहे, पण सॉफ्टवेअर घेतच नाही. का?

बऱ्याचदा ती एमपीथ्री नसतेच. कुणीतरी एमफोरए किंवा ओपस (व्हॉट्सअ‍ॅपच्या आवाजाचा फॉरमॅट) फाइलीचं शेपूट बदलून एमपीथ्री केलेलं असतं. मीडियाइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या आणि फाइल त्यात टाका. आत नेमका कुठला कोडेक (दाबण्याची पद्धत) आहे, दर किती, बिटरेट स्थिर की बदलता, हे सगळं दिसतं. फाइल हातात आल्यावर पहिल्यांदा मीडियाइन्फोमध्ये टाकायची सवय लावून घ्या. पुढचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

गायक सुरतेला असतो. तो व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवतो आणि तो दबलेला, तुटक येतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर माइकचं बटण दाबून बोललेला आवाज मोनो असतो आणि खूप कमी बिटरेटच्या ओपसमध्ये दाबलेला असतो. बोलणं समजावं एवढ्यासाठीच ते बांधलेलं आहे, गाण्यासाठी नाही. त्यातून गेलेल्या वरच्या पट्ट्या कुठल्याही इक्वलायझरने परत येत नाहीत. वरचा भाग चढवत नेला तर फक्त सळसळ वाढते.

गायकाला असं सांगा: "दादा, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये रेकॉर्ड करू नका. फोनच्या रेकॉर्डरमध्ये करा, सेटिंगमध्ये वाव किंवा हाय क्वालिटी निवडा, आणि ती फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा." डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी पोचते. व्हिडिओचंही तेच. गॅलरीतून व्हिडिओ म्हणून पाठवला तर चित्र आणि आवाज दोन्ही पुन्हा दाबले जातात.

आलेली ओपस फाइलच वापरायची वेळ आली, तर ती थेट टाइमलाइनवर टाकू नका. काही एडिटिंग सॉफ्टवेअर ती घेतच नाहीत. आधी शटर एन्कोडरमधून ४८,००० ची वाव काढा. फोन कॉलचं जुनं रेकॉर्डिंग एएमआरमध्ये असेल तर त्याचा दर फक्त ८,००० असतो, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वर आवाजच नाही. ते फोनवरचं बोलणं म्हणूनच दाखवावं, निवेदन म्हणून वापरू नये.

सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, तासाभराने जुळत नाहीत. हे कसं सोडवायचं?

या तक्रारीमागे चार वेगळे आजार आहेत आणि चौघांचं औषध वेगळं आहे. म्हणून आधी मोजा. सुरुवातीला एक जागा धरा, उदाहरणार्थ टाळी किंवा 'सावधान'चा उच्चार. शेवटाकडे दुसरी धरा. दोन्हीकडचा फरक व्हिडिओच्या फ्रेममध्ये लिहून ठेवा. मग मधली एक जागाही तपासा.

फरक प्रचंड असेल आणि आवाजाची पट्टीही बदललेली वाटत असेल, तर सँपल रेट चुकीचा वाचला गेला आहे. ४४,१०० ची फाइल ४८,००० समजून वाजवली तर १० मिनिटांचा आवाज ९ मिनिटं ११ सेकंदांत संपतो आणि गाणारा पेटीच्या जवळजवळ दीड पट्टीएवढा चढलेला ऐकू येतो. कीर्तनकार बुवा अचानक तरुण झाले की समजायचं. उपाय: योग्य दराने रूपांतर करून नवी वाव घ्या. वेग ताणून जुळवत बसू नका.

फरक तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास असेल तर फ्रेमरेटचा घोळ आहे. २९.९७ आणि ३० यांच्यात तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. टाइमलाइनचा फ्रेमरेट पहिली क्लिप टाकण्याआधी ठरवा. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मीडिया टाकल्यावर तो सहज बदलता येत नाही.

फरक कधी वाढतो, कधी कमी होतो, मधल्या जागेचा हिशेब लागत नाही, असं असेल तर मोबाइलचा व्हिडिओ आहे का ते पाहा. मोबाइल उजेडाप्रमाणे आणि तापल्यावर फ्रेमरेट बदलत राहतो. मीडियाइन्फोमध्ये तिथे 'व्हेरिएबल' असं दिसतं. अशी क्लिप हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटने काढा: व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट २५ किंवा ३०, खाली कॉन्स्टंट फ्रेमरेट, क्वालिटीचा आकडा १८ च्या आसपास. ऑडिओच्या पानावर पासथ्रू (आवाज जसाच्या तसा) ठेवा, नाहीतर आवाज पुन्हा एकदा दाबला जातो.

आणि फरक अगदी थोडा, दोन-चार फ्रेमचा, पण सरळ रेषेत वाढत जाणारा असेल, तर कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं वेगळी चालताहेत. दहा लाखात वीसचा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत जवळजवळ दोन फ्रेम. यात कॉम्प्रेशनचा काही दोष नाही, पण शिव्या त्यालाच बसतात. वेगाची टक्केवारी बदलून हे दुरुस्त करायला जाऊ नका. दुरुस्ती ०.००२ टक्के एवढी बारीक लागते आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दोनच दशांश चालतात. त्याऐवजी दर वेळी फरक एका फ्रेमएवढा झाला की, जिथे क्षणभर शांतता आहे तिथे आवाज कापा आणि एक फ्रेम सरकवा. कुणालाही कळत नाही.

फरक वाढत नाही, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच आहे.

तीन शक्यता. पहिली आणि सगळ्यात जास्त आढळणारी: तुम्ही ब्लूटूथ हेडफोन लावून एडिट करताय. त्यात आवाज शे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. वायरचा हेडफोन लावा आणि पुन्हा पाहा. काही सरकवण्याआधी हेच करा, नाहीतर चांगलं जुळलेलं बिघडवून बसाल.

दुसरी: कॅमेऱ्याचा माइक मांडवाच्या मागे होता. आवाज सेकंदाला साधारण ३४० ते ३५० मीटर जातो; ३५ मीटर अंतराला शंभर मिलिसेकंद, म्हणजे अडीच फ्रेम लागतात. मिक्सरमधून घेतलेला आवाज हा उशीर सोसत नाही, म्हणून दोन्ही एकत्र वाजवले की घुमल्यासारखं होतं. एकच ठेवा, किंवा कॅमेऱ्याच्या माइकचा आवाज तेवढा आधी सरकवा.

तिसरी, कॉम्प्रेशनची: एमपीथ्री बनवताना सुरुवातीला थोडी रिकामी जागा पडते. एमपीथ्री बनवणाऱ्या लेम एन्कोडरची ५७६ सँपल आणि उलगडतानाची ५२९, मिळून १,१०५ सँपल, म्हणजे सुमारे २५ मिलिसेकंद. ओठांच्या जुळणीत हे फारसं जाणवत नाही. पुढच्या प्रश्नात मात्र तेच डोकं खातं.

हलगीचा ठेका लूप केला की प्रत्येक फेरीत ठेका अडखळतो.

वर सांगितलेली रिकामी जागाच इथे नडते. एमपीथ्रीची सुरुवात रिकामी असते आणि शेवटची फ्रेम पूर्ण भरावी म्हणून शेवटीही शून्य भरलेलं असतं. गाण्यात चालून जातं. पण दोन सेकंदांच्या ठेक्यात दर फेरीला २५-५० मिलिसेकंद उशीर म्हणजे नाचणाऱ्याचा पाय चुकलाच. फाइल वाव करा, लाट मोठी करून पाहा, पहिली थाप जिथे उठते तिथपर्यंतचा भाग कापा, आणि शेवट पुढच्या पहिल्या थापेच्या नेमका आधी ठेवा. ठेका पुन्हा एमपीथ्री म्हणून साठवू नका. सगळी मेहनत वाया जाते.

कापलं की 'टक्' आवाज येतो.

लाट शून्यावर नसताना कापली गेली आहे. दोन्ही टोकांना ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड (हळूहळू चढता-उतरता आवाज) द्या किंवा दोन क्लिपमध्ये एक-दोन फ्रेमचा क्रॉसफेड द्या. ऑडॅसिटीमध्ये निवड करून झेड दाबलं की कडा आपोआप शून्यावर जाऊन बसतात. हे वावमध्येही होतं, त्यामुळे एमपीथ्रीला दोष देऊ नये.

संबळाच्या थापेआधीच 'फुस्स' असं काहीतरी येतं. टाळ तर पाण्याखाली वाजल्यासारखे वाटतात.

हा अस्सल कॉम्प्रेशनचा दोष, आणि आपल्याकडच्या वाद्यांवर तो जितका उघडा पडतो तितका सिनेमाच्या गाण्यांवर पडत नाही.

एन्कोडर आवाजाचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यात कानाला कळणार नाही अशी खरखर सोडून जागा वाचवतो. एमपीथ्रीचा असा तुकडा ५७६ सँपलचा, सुमारे १३ मिलिसेकंदांचा. त्या तुकड्याच्या शेवटी ढोलाची किंवा संबळाची थाप पडली, तर थापेसाठी सोडलेली खरखर अख्ख्या तुकड्यात पसरते. थापेनंतरची थापेखाली झाकली जाते, आधीची मात्र शांततेत उघडी पडते. हाच तो 'फुस्स'. चांगला एन्कोडर थाप ओळखून तुकडे लहान करतो, पण लहान तुकड्यांना जास्त बिट लागतात. १२८ किलोबिटमध्ये ते पुरत नाहीत. सातपुड्यातल्या होळीचे मोठे ढोल, त्यावर पावरी आणि बाजूला घुंगरू, एवढं सगळं एकदम आलं की एन्कोडरची धांदल उडते.

टाळ-झांजांचं दुखणं वेगळं. त्यांची सगळी किमया वरच्या पट्ट्यांत असते, आणि १२८ ला एन्कोडर साधारण १६-१७ हजार हर्ट्झच्या वरचं सरळ कापतो. त्याखालचंही एका तुकड्यात ठेवतो, दुसऱ्यात सोडतो. म्हणून झणझणीत आवाजाऐवजी सळसळ ऐकू येते. स्टिरिओ जोडून दाबला असेल तर ती डावी-उजवीकडे फिरतेसुद्धा.

दुरुस्ती? खरं सांगायचं तर नाही. थापांच्या आधीचे १०-१२ मिलिसेकंद हाताने गप्प करता येतात. चार-सहा ठळक थापा असतील तर करा, पूर्ण गाण्यात करू नका. टाळांचा वरचा भाग १० हजारांपासून पुढे २-३ डेसिबल खाली घेतला तर सळसळ कमी टोचते. खरा उपाय मूळ रेकॉर्डिंग मागवणं. स्टुडिओवाल्याकडे गाण्याची वाव असतेच. पार्टीला एमपीथ्री देऊन तो मोकळा होतो. मागितली की मिळते.

दुपारी एडिटिंगला बसलं की आवाज तुटतो, रात्री नीट चालतो. असं कसं?

वैशाखात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या घरात जातो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. टाइमलाइनवर एच.२६४ चे दोन थर आणि चार कॉम्प्रेस्ड ऑडिओ ट्रॅक सोडवायला वेळ पुरत नाही, बफर (आवाजाचा आगाऊ साठा) रिकामा होतो आणि आवाज तुटतो. तुटण्याची जागा दर वेळी बदलते, ही याची खूण.

हे करून पाहा. ऑडिओ हार्डवेअरच्या सेटिंगमध्ये बफर ५१२ असेल तर १,०२४ करा. ४८,००० च्या दराने ५१२ सँपल म्हणजे फक्त साडेदहा मिलिसेकंदांची शिदोरी. एडिटिंगमध्ये बफर मोठा ठेवायला हरकत नाही. लहान बफर लागतो तो हेडफोनमधून ऐकत गाणं रेकॉर्ड करताना. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, पॉवर मोड सर्वोत्तम कामगिरीवर. गादीवर ठेवू नका. मागून दोन बोटं उंच करा आणि जाळीतली धूळ काढा. व्हिडिओच्या प्रॉक्सी (हलक्या प्रती) बनवा. आणि पेनड्राइव्हवरून थेट एडिट करणं बंद करा. फाइली आधी आतल्या एसएसडीवर घ्या. लग्नवाल्यांच्या पेनड्राइव्हमधून आवाज तुटणं ही अगदी रोजची गोष्ट आहे.

प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लाट दिसते, पण आवाज येत नाही. किंवा जुन्याच फाइलीचा आवाज येतो.

प्रीमियर कॉम्प्रेस्ड ऑडिओ आत घेताना त्याची स्वतःची उलगडलेली प्रत बनवतो. तिचं शेपूट सीएफए. लाटेच्या चित्राची वेगळी फाइल, शेपूट पीईके. खिडकीच्या उजव्या तळाशी प्रगतीची पट्टी दिसते. ती संपण्याआधी घाईने वाजवलं तर आवाज गायब किंवा तुटक. ती पूर्ण होऊ द्या.

एकाच नावाची फाइल बदलून ठेवली असेल तर प्रीमियर जुनीच प्रत वाजवत राहू शकतो. प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅश उघडा आणि सगळ्या कॅश फाइली काढून टाका. हे प्रोजेक्ट बंद ठेवून करा. मूळ फाइलींना काही होत नाही, फक्त पुन्हा उघडताना वेळ लागतो. आणि सुधारलेल्या फाइलीला नवं नाव द्या: 'हळद_गाणी_२' वगैरे.

रिझॉल्व्हमध्ये चित्र येतं, आवाजच नाही.

लिनक्सवर असाल तर रिझॉल्व्हला एएसी वाचता येत नाही, आणि कॅमेरा-मोबाइलच्या एमपीफोरमध्ये बहुधा एएसीच असतो. ऑडिओ वाव करून वेगळा जोडा. विंडोजवर असं झालं तर क्लिपवर उजवं क्लिक करून क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समधला ऑडिओ तपासा. चॅनेल म्यूट झालेले किंवा चुकीचे जोडलेले असतात.

लांब कार्यक्रमात कॅमेऱ्याच्या दोन फाइली जोडल्या तिथे आवाज क्षणभर जातो.

मोठं शूटिंग कॅमेरा कार्डावर तुकड्यांत ठेवतो, कारण जुन्या पद्धतीच्या कार्डावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. एव्हीसीएचडी कॅमेऱ्यात आवाज अनेकदा डॉल्बीचा असतो. त्याची एक फ्रेम ३२ मिलिसेकंदांची. फाइल तुटते तिथे ती फ्रेम अर्धी या फाइलीत, अर्धी त्या फाइलीत राहते. नुसत्या एमटीएस (कॅमेऱ्याच्या व्हिडिओ) फाइली उचलून शेजारी ठेवल्या की दोन्ही अर्धे वाया.

म्हणून कार्डातून फाइली वेचून काढू नका, अख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा. प्रीमियरमध्ये ते मीडिया ब्राउझरमधून आत घ्या. मग सगळे तुकडे मिळून एक क्लिप दिसते आणि जोड भरून निघतो. फोल्डर मोडलेलंच असेल तर त्या जागी मिक्सरच्या रेकॉर्डिंगचा अर्ध्या सेकंदाचा तुकडा क्रॉसफेड देऊन बसवा.

टाइमलाइनवर स्वच्छ, एक्स्पोर्टमध्ये कडकड. आता?

मास्टरचा, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात त्या ट्रॅकचा, मीटर बघा. निवेदन, गाणं आणि ढोल वेगवेगळे ठीक असतात. एकत्र आले की शून्याच्या वर जातात. शिवाय आवाज शून्याच्या अगदी खाली टेकवलेला असला, तरी एएसीमध्ये दाबून पुन्हा उलगडताना लाटेचं टोक थोडं वर जातं आणि कापलं जातं. मास्टरवर लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर अडवणारा इफेक्ट) लावा, मर्यादा उणे १ डेसिबल, ट्रू पीकचा पर्याय असेल तर तो चालू. एक्स्पोर्टमध्ये एएसी, ४८,०००, स्टिरिओला ३२० किंवा ३८४ किलोबिट. यूट्यूबची शिफारस ३८४ ची आहे. ते पुढे स्वतः पुन्हा दाबणारच आहेत, म्हणून आपण आधीच १२८ ला दाबून देऊ नये.

रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली. आता फाइल उघडत नाही.

एमपीफोरमध्ये फाइलीची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. वीज आधीच गेली तर आवाज-चित्र कार्डावर असतं, पण अनुक्रमणिका नसते. त्या कार्डावर आणखी काही रेकॉर्ड करू नका. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली फाइल शोधा आणि अनट्रंकसारख्या दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरला दोन्ही द्या. जनरेटरवरच्या कार्यक्रमात कॅमेरा बॅटरीवरच चालवावा, हे वेगळं सांगायला नको.

सतत 'घूं' असा आवाज आहे. एमपीथ्रीमुळे का?

नाही. ती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण, सोबत १००, १५० वगैरे. अर्थिंग आणि केबल तपासा.

पुढच्या वेळी ही भानगडच नको असेल तर रेकॉर्ड कसं करायचं?

मिक्सरमधून लाइन घेऊन छोट्या रेकॉर्डरवर, वाव, ४८,०००, २४ बिट. मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन. २४ बिटला कमी पातळीवर घेतल्याने काही बिघडत नाही. नंतर वाढवता येतो. ३२ जीबीच्या कार्डावर असं सुमारे ३० तास मावतं, म्हणजे हळदीपासून पाठवणीपर्यंत कार्ड बदलायला नको. मात्र एक वाव फाइल ४ जीबीला अडते, म्हणजे साधारण चार तासांनी. बरेच रेकॉर्डर तिथे आपोआप नवी फाइल सुरू करतात. वावचे हे तुकडे शेजारी ठेवले की बहुधा नीट जुळतात, कारण त्यात फ्रेमचे गठ्ठे नसतात.

वाव झाली. आता मूळ एमपीथ्री काढून टाकू का?

ठेवा. वाव करताना दर चुकला, आवाज माथ्याला टेकला किंवा पहिलाच शब्द कापला गेला, असं आठवड्याने लक्षात आलं तर परत जायला तीच एक जागा असते. पाच-सात एमबीचं ओझं ते काय.